दृष्टीच्या नसेखालून की वरून : कवटीच्या तळाशी असलेल्या एका गाठीचे प्रकरण

सुईत दोरा ओवता येईना, ही पहिली तक्रार होती. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शिवणकाम करणाऱ्या ४६ वर्षांच्या या बाईंनी चाळिशी आली असेल असे समजून चष्मा लावला, आठ महिन्यांत त्याचा नंबर दोनदा बदलला आणि त्यानंतर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झाला आहे असे त्यांना सांगण्यात आले. मोतीबिंदू खरोखरच होता, पण इतका किरकोळ की त्याने दृष्टी एवढी घटण्याचे कारण नव्हते. रोगाची खरी खूण त्यांच्या हातातच होती. लाल रीळ उजव्या डोळ्याने लालभडक दिसे आणि डाव्याने विटल्यासारखे, जुनाट दिसे. मोतीबिंदूने चित्र धूसर होते, परंतु एका डोळ्यापुरता लाल रंगच उतरल्यासारखा वाटू लागला, तर दोष बहुधा भिंगात नसून दृष्टीच्या नसेत, म्हणजे ऑप्टिक नर्व्हमध्ये असतो. रीळ असे दिसते हे त्यांनी घरी सांगितले होते, दवाखान्यात कोणी विचारले नव्हते.

येथे मांडलेले प्रकरण एकाच व्यक्तीचे नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी बांधले आहे. शस्त्रक्रियेची वाट ठरवताना गाठीच्या आकाराकडे आणि उपलब्ध यंत्रांकडे आधी पाहिले जाते, आणि ज्या नसेसाठी हा सगळा खटाटोप करायचा ती नस गाठीच्या कोणत्या अंगाला आहे हा प्रश्न मागे पडतो. तो प्रश्न पहिला असावा, असे माझे मत आहे.

तपासणीत डाव्या डोळ्याची दृष्टी ६/६० आणि उजव्याची ६/९ होती. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर झटकन बॅटरी फिरवली असता डावी बाहुली आकुंचन पावण्याऐवजी मोठी होत होती. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर ऑप्टिक नर्व्हची चकती फिकट पडली होती. दृष्टिक्षेत्राच्या आलेखात डाव्या डोळ्याच्या मध्यभागी काळा ठिपका होता, आणि बाईंना ज्या उजव्या डोळ्याबद्दल काहीच तक्रार नव्हती त्याच्या वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यातही क्षेत्र खुडल्यासारखे झाले होते. एका डोळ्याच्या मध्यभागी दोष आणि दुसऱ्याच्या वरच्या बाहेरच्या भागात दोष, ही जोडी दिसली की इजा नेमकी कोठे आहे हे एमआरआयपूर्वीच सांगता येते : डावी नस ज्या ठिकाणी दोन्ही नसांच्या फुलीला, म्हणजे कायाझ्माला, मिळते त्या सांध्यावर. समोर बसून, रुग्णाचा एक डोळा झाकून, बोटे हलवून केलेल्या दोन मिनिटांच्या तपासणीतही असा दोष पुष्कळदा सापडतो. चष्म्याच्या दुसऱ्या नंबराच्या वेळी ती तपासणी झाली असती, तर सहा महिने वाचले असते.

एमआरआयमध्ये २.४ सेंटिमीटर उंचीची, औषध दिल्यावर एकसारखी उजळणारी, कवटीच्या तळावर रुंद बूड टेकवून बसलेली गाठ दिसली. तिच्या पुढच्या कडेला मेंदूच्या जाड आवरणाचे शेपूट उजळले होते. मेंदूखालची, हार्मोन्स तयार करणारी पिट्यूटरी ग्रंथी तिच्या खाली वेगळी दिसत होती आणि ग्रंथीचा खळगा मोठा झालेला नव्हता. त्यामुळे ही पिट्यूटरीची गाठ नसून ट्युबरक्युलम सेला या कंगोऱ्यावर वाढलेला मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवणारी गाठ आहे, हे निदान जवळजवळ निश्चित झाले. रक्ततपासणीत कॉर्टिसोल आणि थायरॉइड ठीक होते. प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीचे हार्मोन थोडे वाढले होते, पण ते ग्रंथीच्या देठावर दाब आल्यामुळे वाढते तेवढेच होते. मेनिन्जिओमा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो आणि काही प्रोजेस्टेरॉनसदृश औषधे दीर्घकाळ घेतल्यास त्याचा धोका वाढतो, म्हणून गर्भनिरोधक इंजेक्शनांविषयीही विचारणा केली. तसे काही त्यांनी घेतलेले नव्हते.

वाटेचा वाद समजण्यासाठी थोडी शरीररचना पाहावी लागेल. कवटीच्या तळाशी मधोमध घोड्याच्या खोगिरासारखा एक खळगा असतो आणि त्यात पिट्यूटरी बसते. खोगिराच्या पुढच्या कंगोऱ्याला ट्युबरक्युलम म्हणतात. त्याच्या दोन्ही अंगांना हाडातील दोन बोगद्यांतून दृष्टीच्या नसा आत येतात आणि खळग्याच्या वर एकमेकींना मिळतात. नसांच्या बाहेरच्या बाजूला दोन कॅरॉटिड रक्तवाहिन्या असतात आणि माथ्यावरून मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिन्या जातात. या कंगोऱ्यावर उगवलेली गाठ वर आणि मागे वाढते, फुलीला मागे व वर ढकलते आणि नसांना वर व बाहेर ताणते. बोगद्याच्या तोंडाशी आवरणाची एक धारदार घडी असते. खालून रेटली गेलेली नस त्या घडीवर, रहाटाची दोरी विहिरीच्या काठावर घासावी तशी, दाबली जाते. शिवाय या गाठीची एखादी जीभ बोगद्यात शिरते आणि ती बहुतेक वेळा नसेच्या खालच्या, आतल्या अंगाने शिरते. या बाईंच्या डाव्या बोगद्यात तशी जीभ होती.

म्हणजे वरून गेलेल्या सर्जनला आधी नस भेटते आणि तिच्या आडून, नसांमधल्या फटींतून, गाठ काढावी लागते. खालून गेलेल्याला आधी गाठ भेटते आणि नस शेवटी.

हे इतके सरळ असेल तर सगळ्यांनी खालूनच का जाऊ नये, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे हेरमान श्लोफर यांनी नाकाच्या मार्गाने पिट्यूटरीची पहिली शस्त्रक्रिया केली. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी ओठाखालून आणि नाकाच्या मधल्या पडद्याच्या आवरणाखालून जाणारी वाट रूढ केली आणि १९१० ते १९२५ या काळात तिने २३१ पिट्यूटरी गाठी काढल्या. त्यांतील मृत्यूंचे प्रमाण ५.६ टक्के होते, जे त्या काळी विलक्षण कमी होते. तरीही पुढे त्यांनी ही वाट सोडली आणि ते कवटी उघडून वरून जाऊ लागले. अरुंद बोळातून, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, दृष्टीच्या नसा मोकळ्या झाल्या की नाही हे त्यांना खात्रीने दिसत नव्हते. १९२९ मध्ये सहकारी लुईस आयझेनहार्ट यांच्यासह त्यांनी नेमक्या याच जागेच्या मेनिन्जिओमाचे सविस्तर वर्णन केले, तेही वरून केलेल्या शस्त्रक्रियांच्या आधारे. कुशिंग यांच्या शब्दाच्या वजनामुळे खालची वाट जवळपास बुजली. एडिंबरो येथे नॉर्मन डॉट यांनी ती जपली, त्यांच्याकडून पॅरिसच्या जेरार्ड गिओ यांनी ती उचलली आणि तिला चालू क्ष-किरण चित्राची जोड दिली, आणि मॉन्ट्रियल येथे ज्यूल हार्डी यांनी तिच्यात सूक्ष्मदर्शक आणला. दुर्बीण त्यानंतर आली. मात्र मेनिन्जिओमासाठी मेंदूचे आवरणच कापावे लागते, आणि ते भगदाड नाकाच्या बाजूने बुजवणे ही या वाटेची जुनी दुखरी जागा होती. २००६ मध्ये हदाद आणि बासागास्तेगी यांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरील अस्तराचा, स्वतःची रक्तवाहिनी शाबूत ठेवलेला झडपेसारखा तुकडा वापरण्याची पद्धत मांडली, तेव्हा कोठे ती दुखरी जागा बऱ्याच अंशी भरून आली.

या रुग्णासाठी चार वाटा चर्चेत होत्या. दोन्ही बाजूंचे कपाळाचे हाड उघडून मेंदूखालून जाण्याची वाट लगेच बाजूला पडली, कारण एवढ्या लहान गाठीसाठी मेंदूच्या दोन्ही पुढच्या भागांना आणि वासाच्या दोन्ही नसांना त्रास देण्याचे काही कारण नव्हते. उरल्या तीन.

पहिली टेरिओनल, म्हणजे कानशिलावरची वाट. झ्युरिकच्या याशारगिल यांनी हिला आजचे रूप दिले. केसांच्या रेषेमागे छेद घेऊन, कानशिलाचे हाड काढून आणि स्फेनॉइड हाडाचा कंगोरा घासून सपाट करून मेंदूच्या दोन भागांमधली नैसर्गिक फट उघडली जाते. मेंदूभोवतीचे पाणी वाहू दिले की मेंदू आपोआप बाजूला होतो आणि त्याला फारसे ओढावे लागत नाही. रक्तवाहिन्यांवर या वाटेने चांगला ताबा राहतो आणि आवरण शिवून बंद करता येते. सवयीने दुखऱ्या बाजूने, म्हणजे डावीकडून, जावेसे वाटते. परंतु डावीकडून पाहिल्यावर डाव्या नसेची खालची, आतली बाजू नसेच्याच आड जाते, आणि गाठीची जीभ नेमकी तेथे होती. नस न हलवता ती दिसणार नव्हती, आणि आधीच अर्धमेली झालेली नस हलवणे ही या शस्त्रक्रियेतील सर्वात महाग पडणारी चूक असते.

म्हणून दुसरी वाट विचारात आली : हीच टेरिओनल, पण उजवीकडून. ऐकायला उलटे वाटते, तरी समोरच्या बाजूने तिरके पाहिल्यास डाव्या नसेचे पोट स्वच्छ दिसते. अनेक अनुभवी सर्जन अशा गाठींसाठी ही वाट निवडतात आणि तिच्यात तांत्रिक खोट काढता येत नाही. अडचण अशी की, त्यात बाईंच्या एकमेव चांगल्या डोळ्याच्या नसेशेजारून हत्यारे न्यावी लागणार होती. मी स्वतः या वाटेला दुसरा क्रम दिला असता, नाकारले नसते.

तिसरी नाकातून, दुर्बिणीने. तिच्या विरोधात जाणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासल्या. गाठ नसांच्या आणि कॅरॉटिडच्या बाहेर पसरलेली असेल तर ही वाट बाद होते, कारण नाकातून जाणारे हत्यार नसेला वळसा घालू शकत नाही. येथे तसा पसारा नव्हता. गाठीने पुढच्या रक्तवाहिन्यांना मिठी मारलेली असेल तर खालून त्या सोडवणे धोक्याचे असते. येथे वाहिन्या माथ्यावरून सरकल्या होत्या आणि त्यांच्या व गाठीच्या मध्ये पाण्याची उजळ रेघ दिसत होती, फक्त डाव्या बाजूला काही मिलिमीटर ती रेघ हरवली होती. ही नोंद पुढे उपयोगी पडली. नाकामागचे स्फेनॉइड सायनस हवेने पुरेसे पोकळ होते. सीटी स्कॅनमध्ये त्या सायनसच्या आतला हाडाचा पडदा डाव्या कॅरॉटिडच्या उंचवट्यावर जाऊन टेकलेला दिसला. तो पिळून तोडला तर खालची रक्तवाहिनी फाटू शकते, म्हणून तो ड्रिलने झिजवायचा असे आधीच लिहून ठेवले गेले.

नाकाची वाट निवडली ती या कारणांनी : बोगद्यातील जीभ नसेच्या खाली होती, गाठीचा रक्तपुरवठा तळाच्या हाडातूनच येत असल्याने तो सुरुवातीलाच तोडता येणार होता, आणि नसेला न हलवता दोन्ही बोगदे आतल्या अंगाने उघडता येणार होते. हेच चित्र घेऊन रुग्ण अशा ठिकाणी गेली असती, जेथे नाकाच्या वाटेचा सराव असलेला कान-नाक-घसा सर्जन जोडीला नाही, तर मी उजवी टेरिओनल सुचवली असती. दुर्बीण विकत घेता येते, झडप बसवण्याचा हात तसा मिळत नाही.

संमतीच्या वेळी बाईंच्या प्रश्नाने एक गैरसमज उघड झाला. “नाकातून करणार म्हणजे डोक्याला हात लागणार नाही ना, डॉक्टर?” असे त्यांनी विचारले. “ताई, टाके दिसणार नाहीत, पण ऑपरेशन मेंदूचंच आहे. आवरण उघडावं लागेल आणि ते नीट बंद झालं नाही तर नाकातून पाणी गळेल,” असे त्यांना सांगितले गेले. वास कमी होईल, नाकात महिना-दोन महिने खपल्या धरतील आणि डावी दृष्टी किती परत येईल याची हमी देता येणार नाही, हेही सांगितले. डोळ्याच्या पडद्यावरील नसेच्या तंतूंचा थर मोजला असता उजवीकडे तो शाबूत होता आणि डावीकडे पातळ झाला होता. थर जितका पातळ, तितकी सुधारणेची आशा कमी.

शस्त्रक्रियेत दोन सर्जन आणि चार हात सतत काम करत होते. सुरुवातीलाच नाकाच्या मधल्या पडद्याच्या उजव्या बाजूचे अस्तर, स्फेनोपॅलाटाइन धमनीच्या फांदीवर जिवंत ठेवून, उचलून घशाच्या वरच्या पोकळीत सुरक्षित ठेवले. ते शेवटी करतो म्हणून चालत नाही, कारण वाट रुंद करताना ती फांदीच कापली जाते. स्फेनॉइड उघडल्यावर मागच्या भिंतीवर कॅरॉटिड आणि ऑप्टिक नर्व्ह यांचे उंचवटे आणि त्यांच्या मधली खोबण ओळखली, आणि सूक्ष्म डॉप्लरने कॅरॉटिडचा आवाज ऐकून मधली सुरक्षित रुंदी निश्चित केली. मग खोगिराचा वरचा भाग, ट्युबरक्युलम आणि त्यापुढचे सपाट हाड अंड्याच्या टरफलाइतके पातळ करून उचलले. दोन्ही बोगद्यांची आतली भिंत हिऱ्याच्या बिटने, सतत थंड पाण्याच्या धारेखाली उघडली. पाणी थांबले तर ड्रिलच्या उष्णतेनेही नस मरते. यानंतर डाव्या नसेवरचे आवरण कापले गेले, म्हणजे मुख्य गाठीला हात लावण्याआधी नसेवरचा फास सैल झाला. हा क्रम वरून जाणारे कसलेले सर्जनही पाळतात.

तळाचे आवरण जाळून रक्तपुरवठा बंद केल्यावर गाठ फिकट आणि मऊ पडली. अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटरने ती आतून पोकळ केली आणि तिची भिंत आत दुमडून नसांपासून, ग्रंथीच्या देठापासून आणि वरच्या हायपोफिसियल (पिट्यूटरीकडे जाणाऱ्या) धमन्यांपासून सोडवली. या धमन्या दोऱ्यासारख्या बारीक असतात, परंतु फुलीचे पोट त्यांच्यावर जगते. नस शाबूत आणि दृष्टी गेलेली, असा निकाल ज्या शस्त्रक्रियांत लागतो त्यांत पुष्कळदा या धमन्या बळी पडलेल्या असतात. डावीकडे जेथे एमआरआयवर पाण्याची रेघ हरवली होती, तेथे गाठीचा एक पातळ पापुद्रा मेंदूच्या पुढच्या धमनीला चिकटलेला निघाला. दोनदा हलकेच सोडवून पाहिले, तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. मेनिन्जिओमा किती काढला गेला हे मोजणाऱ्या, डोनल्ड सिम्पसन यांच्या १९५७ च्या वर्गवारीप्रमाणे हा पापुद्रा राहिल्याने शस्त्रक्रिया चौथ्या श्रेणीत जाते, वास्तविक रोगाचे मूळ, म्हणजे तळाचे आवरण आणि त्याखालचे हाड, पूर्णपणे काढले गेले होते. ती वर्गवारी आजही उपयोगी आहे, परंतु श्रेणी सुधारावी म्हणून धमनी फाडणारा सर्जन रुग्णाचे काम करत नसतो. भगदाड मांडीवरून घेतलेल्या फॅशियाचा (स्नायूवरच्या चिवट आवरणाचा) थर आत, चरबी त्यावर आणि शेवटी अस्तराची झडप, अशा क्रमाने बुजवले.

त्या संध्याकाळीच बाईंनी डाव्या डोळ्याने उशीजवळच्या पाण्याच्या बाटलीचे लाल झाकण ओळखले. दोन दिवस लघवी फार होत होती, लघवी आवरणाऱ्या डेस्मोप्रेसिनच्या एका मात्रेनंतर ती ताळ्यावर आली.

पाचव्या दिवशी शौचाला कुंथल्यानंतर पुढे वाकताच उजव्या नाकपुडीतून स्वच्छ पाणी थेंबथेंब आले. ही गळती होती आणि तिला दुसरे नाव देण्यात अर्थ नव्हता. ते मेंदूभोवतीचेच पाणी आहे का हे ओळखणाऱ्या बीटा-२ ट्रान्सफेरिन तपासणीसाठी नमुना पाठवला, परंतु त्याच्या उत्तरासाठी थांबले नाहीत. सहाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा झडपेची डावी वरची कड आत दुमडलेली सापडली आणि तेथे हाडावर नाकाच्या अस्तराची एक अरुंद पट्टी राहून गेलेली दिसली. झडप उघड्या हाडालाच धरते, अस्तरावर ती चिकटत नाही. पहिल्या दिवशी ती पट्टी खरवडायची राहिली होती, म्हणजे दोष वाटेचा नव्हता, बंद करताना झालेल्या घाईचा होता. पट्टी काढली, चरबी वाढवली, झडप पुन्हा पसरली आणि कमरेतून तीन दिवस पाणी काढणारी नळी ठेवली. नळी पहिल्याच दिवशी का ठेवली नाही, हा प्रश्न रास्त आहे. पिट्सबर्ग येथील १७० रुग्णांच्या नियंत्रित चाचणीत अशा नळीमुळे गळती २१.२ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आली होती, परंतु तो फायदा मुख्यतः कवटीच्या पुढच्या आणि मागच्या खळग्यांतील मोठ्या भगदाडांत दिसला होता, खोगिराच्या वरच्या भगदाडांत नव्हे. त्या आधारे नळी टाळणे चूक नव्हते. मेंदूज्वर झाला नाही आणि चौदाव्या दिवशी बाई घरी गेल्या. जाताना शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे, नाक शिंकरायचे नाही आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही, असे त्यांना आणि त्यांच्या यजमानांना बजावले गेले.

सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत गाठ पहिल्या (सर्वात सौम्य) श्रेणीची, मेनिंगोथेलियल प्रकारची निघाली. ही श्रेणी सिम्पसन यांच्या श्रेणीहून वेगळी आहे. तीन महिन्यांनी डाव्या डोळ्याची दृष्टी ६/१८ आणि उजव्याची ६/६ होती, आणि उजव्या क्षेत्राचा खुडलेला कोपरा भरून आला होता. डाव्या क्षेत्राच्या मधला ठिपका लहान झाला, पण गेला नाही. नाकातील खपल्या मिठाच्या पाण्याने धुऊन दोन महिन्यांत थांबल्या. वास मात्र पूर्वीइतका येत नाही, फोडणी करपली की आता आधी दिसते आणि मग कळते, असे बाई सांगतात. चौथ्या महिन्यात मशीन पुन्हा सुरू झाले. लाल रीळ डाव्या डोळ्याने अजूनही किंचित फिके दिसते.

वर्षाच्या एमआरआयमध्ये धमनीवरचा पापुद्रा होता तेवढाच आहे. त्याला आताच किरणोपचार देण्याचे कारण नाही, कारण एका वेळच्या उपचारात दृष्टीच्या नसेपर्यंत साधारण ८ ते १० ग्रे (किरणमात्रेचे एकक) यांपेक्षा अधिक मात्रा जाऊ देता येत नाही आणि पापुद्रा नसेपासून फार दूर नाही. दरवर्षी दृष्टिक्षेत्राचा आलेख आणि एमआरआय करायचे ठरले आहे. पापुद्रा वाढलाच तर तो नसेच्या वर, धमनीच्या अंगाने वाढेल, आणि नाकातली झडप तोवर घट्ट वणाची झाली असेल. तेव्हा नस गाठीच्या खाली असेल आणि त्या वेळची वाट कानशिलावरची असेल. रुग्णाच्या फायलीत आजच तशी नोंद करून ठेवली आहे.